दाभोळची जेट्टी आणि एक उशीर

दापोलीहून दाभोळला उतरताना वाशिष्ठीची खाडी दिसली की प्रवासाचा शीण जातो. पलीकडे धोपावे, फेरीबोटीतून गाडी नेली की गुहागरचा रस्ता. आजारी खालाला मगरिबपूर्वी भेटायचे म्हणून आम्ही दोघे भाऊ मोटरसायकलने निघालो होतो. जेट्टीच्या अलीकडेच गाडी आचके देत बंद पडली.

चावी फिरवल्यावर फ्युएल पंपाचा दोन-तीन सेकंद येणारा आवाज येत नव्हता. मिस्त्री चाचांनी आधी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मग पंपाच्या कनेक्टरवर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला. म्हणजे पंपच गेला होता.

"टाकीत पेट्रोल नेहमी तळाशीच ठेवता ना, बेटा? पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो."

आम्ही खाली मान घातली.

दापोलीहून नवा पंप येईपर्यंत असर अदा केली आणि खाडीकाठची आदिलशाही काळातली मशीद पाहून आलो. विजापूरची शहजादी हजला निघाली, तिची सफर इथेच थांबली आणि जवळची रक्कम तिने या मशिदीला लावली, असे इथले लोक सांगतात.

परतलो तेव्हा चाचांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून टाकी रिकामी केली होती. नवा पंप नव्या रबरी रिंगसह बसवून त्यांनी बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. वायरी चार: दोन मोटरच्या, दोन पेट्रोलच्या काट्याच्या. "मोटरच्या उलट जोडल्या तर पंप उलटा फिरेल," असे म्हणत त्यांनी जुन्या जोडणीशी एकेक ताडून पाहिली. मागच्या गॅरेजवाल्याने नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला एक जोड काळा पडला होता. तो कापून चाचांनी स्लीव्ह दाबून पक्का केला.

बोटीचा भोंगा वाजला. "चाचा, चालेल आता," आम्ही म्हणालो.

"पेट्रोलचं काम आहे. बोट पुन्हा येईल."

बॅटरी जोडून त्यांनी दोनदा चावी फिरवली. पंप गुणगुणला. कुठे पेट्रोल झिरपत नाही ना, हे बोट फिरवून पाहिले, मगच स्टार्टर दाबू दिला. तोवर बोट खाडीच्या मध्यावर पोहोचली होती.

पुढच्या बोटीने गेलो. पोहोचेपर्यंत इशा होऊन गेली होती. खाला जागीच होत्या. आमचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "उशीर झाला तर झाला. सलामत आलात, अल्हम्दुलिल्लाह."

पेट्रोलचा वास अजून हाताला होता. तेव्हापासून आम्ही टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही.