शेजारधर्म

मराठीत ‘शेजारधर्म’ असा एक साधा, रोजच्या वापरातला शब्द आहे. विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणू नये, परगावी गेलेल्यांच्या घराकडे लक्ष ठेवावे, रात्री-अपरात्री हाक आली तर कडी काढावी, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ. या शब्दात ‘धर्म’ हा शब्द कसा आला असावा, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आम्हां ख्रिस्ती घरांत मात्र हा शब्द शब्दशः घेतला जातो. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती, या दोन आज्ञांत सारे शास्त्र आले, असे आम्हांला लहानपणापासून शिकवलेले. त्यामुळे शेजार हा आमच्याकडे सोयीचा विषय कधी नव्हताच. तो उपासनेचाच अर्धा भाग होता.

आम्ही बेळगावचे मराठी ख्रिस्ती. आमचे पणजोबा नगर जिल्ह्यातून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात धर्माची भाषा फारशी बोलली जात नसे. जो काही धर्म होता तो बहुतांशी स्वयंपाकघरात होता. आजी रोज तांदूळ निवडताना एक मूठ निराळ्या डब्यात टाकी. महिनाअखेर तो डबा कोणाकडे जाई, हे आम्हां भावंडांना कधी कळू दिले नाही. डाव्या हाताने उजव्याचे काम जाणू नये, ही शिकवण तिने अशी अक्षरशः पाळली होती. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, ही रीत तर साऱ्या मराठी घरांची. तिच्यात आजीने स्वतःची एक भर घातली होती. ज्याच्या घरी परतफेडीची ऐपत नाही, त्याला भांड्यातून काही पाठवायचे नाही. केळीच्या पानावर किंवा द्रोणातून पाठवायचे. भांडे गेले की ते भरून परत करण्याचे ओझे त्याच्यावर पडते. पानाला परत यावे लागत नाही.

ज्यांना उलट आमंत्रण देता येणार नाही अशांनाच जेवायला बोलवावे, असे येशूने एका यजमानाला सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे. आजीचे पान हे आमच्या मते त्या वचनाचे सर्वांत सोपे भाष्य होय.

ख्रिस्ती माणसाच्या दयेकडे आपल्या समाजाने अनेकदा संशयाने पाहिले आहे, हे आम्ही जाणतो. या दयेच्या आत गळ आहे, असे म्हटले गेले; आणि काही ठिकाणी तसा गळ होताही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेवरून अनेक पालकांनी आपल्या मुली तिथून काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते, याची चर्चा आजही होते. आम्हांला त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली व स्त्रिया त्यांनी केडगावास आणल्या. भाषणे आणि वाद मागे राहिले. पुढे जे उरले ते दळणकांडण, आजाऱ्यांची शुश्रूषा, विणकाम, अक्षरओळख आणि रोजचे शेकडो पानांचे जेवण. दया खरी की खोटी, हे पहिल्या दिवशी कळत नसते. ती दहाव्या वर्षीही भाकरी थापते आहे का, हे पाहावे लागते.

आमच्या गावाचाही या परंपरेत थोडा वाटा आहे. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले. त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ सालची. हिंदू विधवांच्या दुःखाला तिने वाचा फोडली. दुसऱ्याच्या घरातले दुःख लक्षपूर्वक पाहणे हीसुद्धा दयेची पहिली पायरीच. आणि त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात राशोल येथे फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या त्याने मराठीत रचल्या. परक्या मुलखात आलेल्या माणसाने तिथल्या लोकांची भाषा इतक्या मायेने शिकावी, हाही एक शेजारधर्मच म्हणायचा.

परंतु भाषा जशी माणसे जोडते, तशी ती तोडतेही, हे बेळगावकरांना कोणी वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून सीमाप्रश्न हा आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत आलेला प्रश्न आहे. आमचे वडील मराठी शाळेत शिक्षक होते. प्रत्येक काळ्या दिनाला ते फेरीत असत; सत्याग्रहात एकदा तुरुंगातही जाऊन आले होते. रविवारी मात्र ते वेळेवर देवळात हजर असत. आमच्या देवळात सकाळी मराठी उपासना असे आणि ती सुटली की त्याच बाकांवर कन्नड मंडळी येऊन बसत. दारात दोन्ही मंडळ्यांची गाठ पडे, हात जोडले जात, आणि वडील थोडे घाईने पायऱ्या उतरत.

शोमरोनी माणसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारू मारहाण करून अर्धमेला टाकतात. याजक येतो, लेवी येतो. दोघेही बाजूने निघून जातात. मग एक शोमरोनी येतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणतो. ही गोष्ट मुलांना सांगताना आपण नेहमी ‘परोपकार करावा’ एवढेच तात्पर्य काढतो. यहुदी आणि शोमरोनी हे एकमेकांचे सीमेवरचे शेजारी होते, एवढे मात्र सांगायचे राहते. खरे उपासनास्थान यरुशलेमात की गरिज्जीम डोंगरावर, यावरून त्यांचा शेकडो वर्षांचा तंटा होता. एकमेकांच्या भांड्यातले पाणीही त्यांना चालत नसे.

त्याच शुभवर्तमानाचा आधीचा अध्याय उघडला तर आणखी एक प्रसंग सापडतो. येशू यरुशलेमकडे निघाला आहे एवढ्याच कारणावरून एका शोमरोनी गावाने त्याला उतरू दिले नाही. तेव्हा याकोब आणि योहान हे दोघे शिष्य संतापून म्हणाले, आकाशातून अग्नी पाडून हे गाव जाळून टाकू का? येशूने त्यांना धमकावले आणि दुसऱ्या गावाची वाट धरली. ज्या लोकांनी दार लावून घेतले, त्यांच्यातलाच एक माणूस पुढच्या अध्यायात त्याने आपल्या गोष्टीचा नायक केला. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे दोन अध्याय एकापाठोपाठ वाचणे सोपे जात नाही.

१९८६च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन पेटले. गोळीबार झाला, माणसे मेली. बाजार बंद, रस्ते ओस, दूधभाजीची आवक थांबलेली. आमच्या कुंपणापलीकडे एक कन्नडभाषक लिंगायत कुटुंब राहत असे. त्यांच्या सुनेला पहिले मूल झालेले, जेमतेम चार महिन्यांचे, आणि ते वरच्या दुधावर. आमच्या परसात दोन शेळ्या होत्या. त्या दिवसांत आई रोज सकाळी दूध काढी, निम्मे घरात ठेवी आणि निम्मे कुंपणावरून पलीकडे देई. गल्लीतल्या एका ओळखीच्या बाईंनी विचारलेच, “मास्तरांच्या घरचं दूध तिकडं जातंय होय?” आई म्हणाली, “त्या लेकराला अजून एकही भाषा येत नाही.” वडील ओसरीवर होते. त्यांनी ते ऐकले आणि काही बोलले नाहीत. दुपारी ते पुन्हा मोर्चात गेले.

आईने त्या दिवशी फार विचार केला असेल, असे आम्हांला वाटत नाही. आजीच्या हाताखाली वीस वर्षे पाने भरून पाठवलेली ती बाई. तिचा हात सवयीने कुंपणापलीकडे गेला. दया ऐन प्रसंगी सुचत नसते. क्षोभाच्या वेळी माणसाची बुद्धी बाजू घेते, हात मात्र रोजच्या वळणाने चालतो. म्हणूनच हे वळण लावण्याचे दिवस सुखाचे, साधे, काहीही न घडणारे असतात. मुठीचा डबा भरणे, आजाऱ्याच्या घरी रविवारी संध्याकाळी अर्धा तास बसणे, नोकरमाणसाला त्याच्या नावाने हाक मारणे, ही सारी अशा क्षुल्लक दिवसांची कामे.

पण आम्हांला खरा धडा मिळाला तो पुढे. १९९१ साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळू लागली. आम्ही भावंडे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत, आई एकटी. अंगाने उंच, भारी माणूस. त्यांना उठवणे, न्हाणीघरात नेणे तिच्या ताकदीबाहेरचे होते. तिसऱ्या दिवशी पहाटे कुंपणापलीकडचे काका येऊन उभे राहिले. “मास्तर, चला,” एवढेच म्हणाले. वडिलांनी तोंड भिंतीकडे फिरवले. दुसऱ्या दिवशीही तसेच. जन्मभर ज्यांच्या भाषेच्या सक्तीविरुद्ध झगडले, त्यांच्या हातून अंघोळ करून घेण्याची लाज ती. त्या दुपारी आई त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, “त्या वाटेवर पडलेल्या माणसानं ‘मला हात लावू नकोस’ म्हटलं असतं, तर येशूची गोष्ट तिथंच संपली असती.”

आईचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण अनेक प्रवचनांत जे आम्ही ऐकले नाही ते तिने एका वाक्यात सांगितले. ही गोष्ट ऐकताना आपण सगळे स्वतःला शोमरोनी समजतो. आपण देणारे, आपण उचलणारे. ज्यांना ती प्रथम सांगितली गेली, ते यहुदी श्रोते मात्र वाटेवर पडलेल्या माणसाच्या जातीचे होते. त्यांना ऐकावे लागले ते असे: तुझे स्वतःचे लोक निघून जातील, आणि ज्याला तू परका मानतोस त्याच्या हातून तुला जीवदान मिळेल, ते घेशील का? देण्यात थोडा अहंकार लपवता येतो. घेण्यात तशी जागा राहत नाही. ख्रिस्ती शिकवणीत दयेचा अभ्यास अर्धा आहे तो द्यायचा, आणि कठीण अर्धा घ्यायचा.

वडिलांनी तो अर्धा सात वर्षे गिरवला. काका रोज पहाटे येत. रविवारी उपासनेपूर्वी त्यांची दाढी करून देत. स्वतः लिंगायत, कपाळी विभूती. देवळाच्या पायरीपर्यंत चाकाची खुर्ची ढकलत आणि बाहेर झाडाखाली थांबत. त्यांनी आमच्या धर्माविषयी कधी काही विचारले नाही, आम्हीही काही सांगितले नाही. येशूने आपल्या गोष्टीत दयेचा मान परधर्मीयाला का दिला, हे त्या झाडाकडे पाहिले की आम्हांला उमगे. दया आमच्या धर्माची आज्ञा आहे, मक्ता नाही.

आणि हेही सांगितले पाहिजे की वडिलांनी आपली बाजू सोडली नाही. दाढी होत असताना काका कन्नड वर्तमानपत्रातली बातमी सांगत, आणि वडील डाव्या हाताने पाटीवर मराठीत उत्तर लिहीत. दोघेही हटत नसत. शोमरोन्यानेही गरिज्जीम सोडून यरुशलेम मान्य केल्याचे त्या गोष्टीत कुठे नाही. न्यायाचा दावा न्यायाच्या जागी. १९९८ साली वडील गेले आणि २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ते असते तर पाटीवर मोठ्या अक्षरात काही लिहिले असते. दयेने तंटा मिटत नाही. तंटा चालू असताना माणूस शिल्लक राहतो, एवढे मात्र होते. आणि जे काही मिटायचे असेल ते शिल्लक राहिलेल्या माणसांमध्येच मिटेल.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की, आपली ही नियतकालिके वाचणारी घरे बहुतेक दुसऱ्या भाषेच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू, इकडे कन्नड आणि कोंकणी. आपली भाषा जपावी, आपला हक्क सांगावा, यात कमीपणा काहीच नाही. परंतु आपली नवी पिढी आता बंद दारांच्या इमारतींत राहते. शेजाऱ्याचे आडनाव दारावरच्या पाटीवर वाचायचे आणि लिफ्टमध्ये मान हलवायची, एवढाच संबंध उरतो. पुढे कधी कठीण दिवस आले तर तिथे हात कोणत्या वळणाने जाईल? कुंपण असो वा जिना, पलीकडच्या माणसाला आपण काही दिलेले असावे, आणि त्याहून अधिक, त्याच्याकडून काही मागून घेतलेले असावे. विरजण मागायला जाणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. मागणारा माणूस समोरच्याला सांगत असतो की, तुझ्यावाचून माझे अडते.