वॅटचा बडेजाव

जुना ॲम्प्लिफायर तासभर चालला की त्याला एक वास येतो. तापलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या व्हार्निशचा आणि त्यावर भाजलेल्या धुळीचा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दुरुस्तीच्या टेबलावर एखादा डबा उघडा पडलेला असला, तर हा वास आजही नाकाला गाठतो. हिंजवडीला लागून असलेल्या माणच्या नव्या फ्लॅटांत मात्र तळहाताएवढे क्लास डी ॲम्प्लिफायर येतात आणि त्यांना वासच नसतो, कारण ते फारसे तापत नाहीत. विजेचा मोठा भाग उष्णतेत न घालवता थेट स्पीकरला देतात. वास गेला याची हळहळ मला आहे. पण त्या वासाबरोबर एक आकडाही आठवतो आणि तो गेला असता तर मी पेढे वाटले असते. डेकच्या तोंडावर सोनेरी अक्षरांत छापलेला तो आकडा: 1000 वॅट पीएमपीओ. क्षणाच्या कुठल्या तरी अंशात निघू शकणारी, कुणी कशी मोजली हे कुणीच न सांगणारी ही ताकद. डबा उचलून पाहिला तर वजनच सांगायचं की आत एवढा ट्रान्सफॉर्मर असणं शक्य नाही. आमच्या अख्ख्या पिढीला आवाजाची किंमत वॅटमध्ये करायची खोड लागली ती या आकड्यामुळे. आजही स्वस्तातला ॲम्प्लिफायर घेणारा माणूस दुकानात पहिला प्रश्न वॅटचाच विचारतो. माझं म्हणणं एवढंच, की तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

हिशेब करून बघू. स्पीकरच्या कागदावर ‘86 डेसिबल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं: एक वॅट दिला तर एक मीटरवर होणारा आवाज. सोफा तीन मीटर लांब धरला तर त्यातले नऊएक डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर आणि उघड्या भिंती मिळून निम्मे तरी परत करतात. म्हणजे एका वॅटमध्ये ऐंशीच्या वर. घरात निवांत गाणं ऐकायला सत्तर पुरे, त्याला वॅटचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही. यावर जाणकार म्हणेल, तबल्याच्या थापेचं काय? बरोबर आहे. थाप सरासरीपेक्षा वीस डेसिबल वर उसळू शकते आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. तरी शंभर गुणिले दशांश म्हणजे दहाच वॅट झाले. स्पीकर 82 डेसिबलचा मठ्ठ निघाला तर पंचवीस. कमी वॅटचा ॲम्प्लिफायर ट्वीटर जाळतो, अशीही भीती घातली जाते. आवाज त्याच्या कुवतीबाहेर चढवून तो कचकचत असतानाही तसाच ठेवला तर जळतो, हे खरं. पण सोसायटीत त्याआधी शेजारी दार वाजवतात.

मग वॅटचं हे वेड आलं कुठून? 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर-1 हा स्पीकर बाजारात आणला. व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग केलं आणि छोट्या पेटीतून खोल खर्ज काढला. त्याची किंमत अशी की तेवढ्याच आवाजाला ॲम्प्लिफायरची ताकद कितीतरी जास्त लागू लागली. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅट ही तिन्ही सुखं एकत्र मिळत नाहीत. वॅटची गरज वाढली तशा वॅटच्या थापाही वाढल्या. शेवटी 1974 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ताकद कशी मोजून छापायची याचा नियमच केला. आपल्याकडे त्यानंतर कित्येक वर्षं पीएमपीओ खुशाल नांदला.

आज थाप पकडायला माणमध्ये सोपं साधन आहे, कारण इथे आयटीवाल्यांच्या घरोघरी लॅपटॉपचे ॲडॅप्टर पडलेले असतात. ‘100 + 100 वॅट’ म्हणून विकला जाणारा छोटा ॲम्प्लिफायर 19 व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवला, तर व्होल्टचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागायचं. 8 ओहमला साधारण 22 वॅट, 4 ओहमला 45. आता ॲडॅप्टर उलटा करून बघा: 3.42 अँपिअर, म्हणजे एकूण 65 वॅट. दोन 8 ओहमचे स्पीकर तो आरामात ओढतो. दोन 4 ओहमचे भर जोरात लावले तर धापा टाकतो. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी जमवणं म्हणतात ते हेच. खोका काहीही बोलो, ॲडॅप्टरवरचा कागद खोटं बोलत नाही.

जुन्याचे भक्त विचारतील, मग त्या जुन्या सोनोडाइन ॲम्प्लिफायरचा ऊबदार आवाज? असेल, त्या प्रेमाशी माझं भांडण नाही. पण बरा ॲम्प्लिफायर 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंत अर्ध्या डेसिबलच्या आत सरळ चालतो, तर स्पीकर तीन डेसिबल वर-खाली झाला तरी त्याला चांगला म्हणतात. फरक तिथे आहे, म्हणून चारातले तीन रुपये स्पीकरवर घालावेत. आणि थोडे जाड पडद्यावर, सतरंजीवर. गुळगुळीत फरशी आणि काचेच्या सरकत्या दारांत गाण्याचा नुसता कालवा होतो.

राहता राहिली रात्र. रहिवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा 45 डेसिबल आणि नोकरदार माणूस हिंजवडीच्या वाहतुकीतून सुटून गाणं लावतो तेव्हा बहुधा दहा वाजून गेलेले असतात. अशा हळू आवाजात डग्गा नाहीसाच होतो. दोष स्पीकरचा नाही, कानाचा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की आवाज उतरला की कानाला खर्ज सर्वांत आधी कमी पडतो. जुन्या पुष्कळ ॲम्प्लिफायरवर यासाठी ‘लाउडनेस’ नावाचं बटण असे. शुद्धतेच्या नावाखाली शौकिनांनी त्याची टिंगल केली आणि बहुतेक कंपन्यांनी ते काढून टाकलं. आता स्वस्तातल्या ॲम्प्लिफायरवर निदान खर्जाची खुंटी असेल तर तो घ्यावा, भले वॅट निम्मे असोत.