निमाडच्या थंडीत हीटर प्लग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा सुमारे २२ पट दाबणाऱ्या जुन्या पूर्वकक्षाच्या इंजिनात, म्हणजे ज्यात डिझेल आधी हेडमधल्या लहानशा कोठडीत पेट घेते अशा इंजिनात, बाहेरच्या हवेतला ३० अंशांचा फरक हिशेबाने दाबाअखेर सुमारे १०० अंशांचा होतो, शिवाय थंडगार धातू उरलेली उष्णता शोषून घेतो. ही तूट भरून काढण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. त्याच्या धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत गाडलेली तार बॅटरीच्या विजेने तापते आणि टोक काही सेकंदांत लालबुंद होते.

निमाडमधल्या बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यासारख्या वस्तीत या प्लगाचा दोष उशिरा कळतो, कारण तापीकाठच्या कडक उन्हाळ्यात हवाच इतकी तापलेली असते की चारपैकी दोन प्लग मेले तरी गाडी पहिल्या सेल्फला उचलते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र तीच जुनी इंडिका थरथरत, पांढरा धूर सोडत सुरू होते. अशा वेळी दोष बॅटरीला दिला जातो किंवा पंप-नोझल उघडले जातात. खर्चाची खरी उधळपट्टी तिथे होते, प्लग बदलण्यात नव्हे.

म्हणून तपासणी मालकाने स्वतःच करावी, आणि हे मत ठामपणे मांडण्याजोगे आहे. प्लगांना जोडणारी पट्टी सोडवून प्रत्येक प्लगाचे बाहेरचे टोक व इंजिनाची बॉडी यांमधला रोध मल्टिमीटरने मोजला, तर चांगला धातूचा प्लग बहुधा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो आणि तार तुटलेला प्लग मुळीच वहन दाखवत नाही. चारही प्लग ठीक निघाले, तर रिले व फ्यूज पाहावेत. बाहेर काढलेल्या प्लगाला थेट १२ व्होल्ट लावून पाहण्याची सवय मात्र सोडावी, कारण नव्या जलद प्लगांपैकी काही त्याहून कमी व्होल्टचे असतात आणि तेवढ्याने जळतात.

काढण्याचे काम वेगळ्या जातीचे आहे. वर्षानुवर्षे न हललेल्या प्लगाभोवती काजळी घट्ट बसते, टोक फुगलेले असू शकते, आणि आठ किंवा दहा मिलिमीटर आट्यांचा तो बारीक दांडा गोटी पान्यावर जोर देताच हेडच्या आत तुटतो. मग बहुधा हेड उतरवण्याची वेळ येते आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च उभा राहतो. इंजिन कोमट असताना, आट्यांवर आदल्या रात्री भेदक तेल सोडून, थोडे पुढे-थोडे मागे करीत प्लग हलला तर मालकाने तो बेधडक काढावा, भोक स्वच्छ करावे आणि नवा प्लग उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावा. दहा मिलिमीटरच्या प्लगाला तो साधारण १५ न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाच्या हलक्या जोराइतकाच असतो.

परंतु बेताच्या जोराने प्लग हलला नाही, तर पाना तिथेच थांबवावा आणि गाडी अशा मिस्त्रीकडे न्यावी, ज्याच्याकडे तुटलेला प्लग हेड न उतरवता काढण्याचे ड्रिल आणि आटे दुरुस्त करण्याचे टॅप आहेत. आधी झालेली तपासणी त्याला सांगावी, आणि कोणता प्लग मेला हे त्यानेही मोजून दाखवावे, असा आग्रह धरावा.