बेणणीआधी

मृगाचे चार पाऊस पडले की परसात सगळ्यांत आधी टाकळा डोकं वर काढतो. पायवाटेच्या कडेला, विहिरीपाशी, गेल्या साली राब पडला होता तिथे. सांजावलं की त्याची पानं जोडीजोडीने मिटतात. कोवळा पाला खुडावा, कांद्यावर परतावा, वर ओलं खोबरं. आठळ्या असल्या तर त्याही. ही भाजी पहिल्या पावसातच खावी. पान जून झालं की तिची चव गेली. मग टाकळा पिवळ्या फुलपाखरांसाठी सोडायचा, त्यांच्या अळ्या त्याच्यावर वाढतात. शेंगा मात्र वाळून तडकण्याआधी काढायच्या, नाहीतर पुढच्या वर्षी पायवाट दिसणार नाही.

रान राखायचं म्हणजे मला एवढंच कळतं: कोणाला कधीपर्यंत राहू द्यायचं. सगळ्यांवर एकच विळा फिरवणं मला पटत नाही आणि तणनाशकाचा पंप तर अजिबातच नाही. त्या फवाऱ्याला माका आणि गाजर गवत सारखंच.

केन्याची निळी फुलं सकाळी डोळ्यांत भरतात, पानांची भजीही सुरेख होतात. पण हा केना मातीखालीसुद्धा फुलतो! ती फुलं कधी उमलत नाहीत, मिटल्या मिटल्याच बी धरतात. म्हणून वरवर कापून काही साधत नाही. मुळासकट काढावा आणि ओल्या मातीवर टाकू नये, कांड्याकांड्याला मुळं फुटतात.

लव्हाळ्याशी धीराने वागावं लागतं. जोरात ओढलं की पाती हातात येते आणि गाठ खालीच राहते. एका गाठीपासून दुसरीकडे बारीक दोरा गेलेला असतो, तो तुटला की दोन्हीकडून नवे कोंब येतात. चांगली सर येऊन गेल्यावर, माती मऊ असताना, खुरप्याच्या टोकाने त्या दोऱ्याचा माग काढत जायचं. वेळ लागतो. मला तो वेळ प्रिय आहे. त्या गाठींना, नागरमोथ्याला, काय सुंदर वास असतो! उटण्यात पडतो तो हाच.

गाजर गवताला मात्र माझ्याकडे थारा नाही. 1950च्या दशकात पुण्यात ते लोकांच्या नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. अंगाला खाज, परागाने दमा. ते खाणारा मेक्सिकन भुंगेरा 1984मध्ये बंगळुरूकडे सोडला गेला. पावसाळ्यात तो पानं फस्त करतो, पण परसाचं काम त्याच्यावर सोपवता येत नाही. फूल येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं.

आघाडा सगळ्यांत त्रासदायक, लुगड्याला धोतराला चिकटत जाणारा. तरी भाद्रपदापर्यंत त्याला हात लावू देत नाही. हरतालिकेला, गणपतीला पत्रीत तो हवा, दूर्वा हव्यात, माका हवा. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासायचे आणि बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. त्या दिवशीची भाजी नांगराविना उगवलेल्याचीच. बाजारात आता पत्रीची जुडी पैसे मोजून मिळते आणि लोक आपल्याच कुंपणातला आघाडा श्रावणात मजूर लावून छाटून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. शेजारणींना मी दरवर्षी सांगते, बेणायचं तर पंचमी होऊ द्या, नंतर खुशाल बेणा. तुरे वाळून बी अंगाला लागायच्या आत काढलं म्हणजे झालं.