गळाची खोली, नर्मदेचा तळ

चालत्या होडीमागे लांब दोर सोडून त्याच्या टोकाला आमिष, किंवा लहान माशाचा आभास निर्माण करणारी धातूची चकचकीत पट्टी, ओढत नेण्याच्या मासेमारीला ट्रोलिंग म्हणतात. तळ खरवडत जाणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या ट्रॉलिंगशी तिची गल्लत होऊ नये म्हणून तिला येथे ओढगळ म्हणणे सोयीचे ठरेल. या प्रकारात होडीची दिशा सुकाणूने ठरते, वेग इंजिनाने किंवा वल्ह्याने ठरतो, दोराची लांबी हाताने ठरते. गळ किती खोलीवर चालला आहे, हे मात्र कोणीच थेट ठरवत नाही. ते वजन, वेग, दोराची जाडी आणि पाण्याचा अडसर यांच्या ओढाताणीतून ठरते, आणि यांपैकी एकही गोष्ट बदलली की ते पुन्हा नव्याने ठरते. म्हणूनच ओढगळ टाकणाऱ्याचे कौशल्य मासा ओढून काढण्यात कमी आणि न दिसणारी खोली राखण्यात अधिक असते.

या ओढाताणीचे गणित शाळकरी भूमितीच्या पलीकडे फारसे जात नाही. दोराच्या टोकाला शिशाचा गोळा असेल, तर त्याचे वजन त्याला खाली खेचते आणि पाण्याचा विरोध त्याला मागे रेटतो. वजन कायम राहते, पण विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. समजा, मंद गतीत हे दोन्ही जोर बरोबरीचे आहेत. अशा वेळी दोर 45 अंशांच्या तिरप्या रेषेत राहतो आणि 20 मीटर दोर सोडलेला असल्यास गोळा सुमारे 14 मीटर खोलीवर चालतो. तेवढ्याच दोरावर होडीचा वेग दुप्पट केला, तर तो गोळा जेमतेम 5 मीटरवर येतो. दोराला स्वतःलाही पाण्याचा विरोध होतो, तो या हिशेबात धरलेला नाही. तो धरला तर दोर सरळ न राहता धनुष्यासारखा वाकतो आणि खोली आणखी घटते, शिवाय पुढे सोडलेला प्रत्येक मीटर आधीच्या मीटरपेक्षा कमी खोली मिळवून देतो. जाड दोर वापरणाऱ्याचा गळ उथळ राहतो आणि बारीक तंगूस वापरणाऱ्याचा, म्हणजे एकाच धाग्याची नायलॉन दोरी वापरणाऱ्याचा, तेवढ्याच वजनावर खोल जातो, याचे कारण एवढेच आहे.

वजनाऐवजी आकाराने खोली मिळवण्याचीही एक रीत आहे. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या बनावट माशाच्या तोंडाशी एक तिरपी पट्टी बसवलेली असते, आणि होडी चालू लागली की पाणी त्या पट्टीवर आदळून माशाला खाली दाबते. येथे खाली दाबणारा जोर आणि मागे रेटणारा जोर असे दोन्ही वेगाच्या वर्गानेच वाढत असल्याने त्यांचे परस्परप्रमाण बदलत नाही, आणि म्हणून असा बनावट मासा वेग थोडा कमीजास्त झाला तरी जवळपास त्याच खोलीवर राहतो. होडी थांबली, तर शिशाचा गोळा बुडतो आणि हा वर तरंगतो. नवशिक्याला दोन्ही प्रकार एकाच होडीवर, एकाच दिवशी वापरायला दिले, तर त्याचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे, कारण वेग वाढवल्यावर एक गळ वर येतो आणि दुसरा जागचा हलत नाही.

अमेरिकेतील मिशिगन सरोवरात 1966 साली कोहो जातीचे सॅमन मासे सोडण्यात आले, आणि उन्हाळ्यात थंड पाण्याच्या थरात उतरणाऱ्या त्या माशांच्या मागे जाण्यासाठी हौशी मच्छीमारांना खोलीचा प्रश्न नव्याने सोडवावा लागला. त्यांनी जे साधन रूढ केले त्यात एक जड गोळा पोलादी तारेने जवळजवळ सरळ खाली सोडला जातो, गळाचा दोर त्या गोळ्याला चिमट्याने अडकवलेला असतो, आणि मासा लागताच चिमटा सुटून दोर मोकळा होतो. वजनाचे काम आणि मासा धरण्याचे काम अशी दोन कामे दोन दोरांत वाटून टाकण्याची ही कल्पना साधी असली तरी तिने ओढगळीतील अंदाजाचा मोठा भाग संपवला. दुसरी रीत शिशाचा गाभा असलेल्या दोराची. तो दर दहा यार्डांना रंग बदलतो, आणि मच्छीमार किती रंग सोडले यावरून खोली बोलतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा सुमारे 54 किलोमीटर वाहते, किंवा वाहत असे म्हणणे अधिक बरोबर, कारण सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांच्या काठावर आता नदीऐवजी सातपुड्याच्या कड्यांमध्ये अडकलेला लांब, अरुंद जलाशय आहे. येथे ओढगळीचा धंदा नाही. येथील मासेमारी मुख्यतः कल्लेजाळ्याची आहे, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या राहणाऱ्या अशा जाळ्याची, ज्याच्या आसात माशाचे डोके शिरते आणि कल्ले अडकून तो मागे निघू शकत नाही. तरीही खोली राखण्याचा जो प्रश्न ओढगळीत चालत्या दोराला पडतो, तोच येथे थांबलेल्या जाळ्याला पडतो, आणि या जलाशयात तो ओढगळीपेक्षाही अवघड झालेला आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

जाळ्याच्या वरच्या दोराला तरंगणारे काहीतरी लागते आणि खालच्या दोराला बुडणारे. विकतचे प्लॅस्टिकचे बोये नसतील तेथे थर्मोकोलचे तुकडे, झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या किंवा रबरी चपलांचे काप चालतात. खाली शिशाच्या गोळ्या नसतील तर नदीकाठचे गोटे बांधले जातात. गोट्यांचा हा वापर केवळ गरिबीचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल. सातपुड्याचा काळा बसाल्ट पाण्यापेक्षा सुमारे 2.9 पट जड असतो, त्यामुळे पाण्यात तो आपल्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा गमावतो, शिसे 11.3 पट जड असल्याने जेमतेम अकरावा हिस्सा गमावते. पाण्याखाली सारखाच भार हवा असेल, तर बसाल्टचा गोटा शिशाच्या गोळ्यापेक्षा सुमारे साडेपाचपट आकारमानाचा घ्यावा लागतो, आणि त्याचा पाण्याला सामोरा येणारा छेद तिपटीच्या आसपास भरतो. ओढगळीत हा तिप्पट छेद म्हणजे तिप्पट विरोध, म्हणून तेथे गोटा निरुपयोगी आहे. थांबलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या जाळ्याला मात्र विरोधाशी देणेघेणे नसते. त्याला फक्त भार हवा असतो, आणि तो काठावर फुकट मिळतो.

बोये आणि गोटे यांच्या तोलातून जाळे दोन प्रकारे लावता येते. बोयांचा जोर अधिक ठेवला, तर वरचा दोर पृष्ठभागावर राहतो आणि जाळे तेथून खाली लोंबते; गोट्यांचा भार अधिक ठेवला, तर खालचा दोर तळाला टेकतो आणि जाळे तेथून वर उभे राहते. पहिल्या रीतीत खोली वरून मोजली जाते, दुसऱ्या रीतीत खालून. मधल्या थरात जाळे हवे असेल, तर तळावर बसणारे जाळे घेऊन त्याला ठरावीक लांबीच्या दोऱ्यांनी वरच्या बोयांना टांगतात, आणि त्या दोऱ्यांची लांबी वावांत मोजली जाते. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधले अंतर, साधारण सहा फूट. या निवडीमागे माशांच्या सवयी असतात. कटला वरच्या थरात फिरतो, त्याचे तोंडही वर वळलेले असते, आणि ज्या सूक्ष्म प्राणिप्लवकांवर तो जगतो ते रात्री पृष्ठभागाकडे सरकतात. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले, त्याचे अन्न तळाच्या गाळात. मत्स्यव्यवसायाच्या कागदांत जलाशयाचे क्षेत्र हेक्टरांत मांडतात आणि सोडावयाच्या बोटुकलीचा, म्हणजे बोटाएवढ्या वाढलेल्या माशांच्या पिलांचा, हिशेबही त्यावरच बसवतात. जाळे टाकणाऱ्याला मात्र ते तिन्ही मासे तीन वेगळ्या मजल्यांवर शोधावे लागतात.

वरून आणि खालून मोजण्यातला हा फरक एरवी किरकोळ वाटला असता, पण सरदार सरोवराच्या पूर्ण संचयाची पातळी समुद्रसपाटीपासून 138.68 मीटर आहे आणि पाणी वापरता येण्याची किमान पातळी 110.64 मीटर आहे. दोहोंत 28 मीटरांचे अंतर आहे, म्हणजे पंधरा वाव. पावसाळ्याअखेरीस जे जाळे तळाजवळच्या मृगळासाठी वरून वीस वाव टांगले असेल, ते पाणी उतरत गेल्यावर त्याच जागी चिखलात लोळू लागते. उलट तळावर बसवलेले जाळे हलत नाही, पण त्याच्या माथ्यावरचे पाणी पंधरा वावांनी कमी होते, आणि खोल पाण्यासाठी लावलेले जाळे उथळ पाण्यात उघडे पडते. ओढगळीत खोली बदलते ती होडीच्या वेगामुळे, म्हणजे माणसाच्या हातातल्या कारणामुळे. येथे ती बदलते धरणाच्या दारांमुळे, कालव्यांच्या मागणीमुळे आणि वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे, आणि यांतली एकही कळ मणिबेली किंवा डोमखेडीच्या मच्छीमाराच्या हातात नाही.

तळाची गोष्ट आणखी वेगळी आहे. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा 1979 चा. त्यानुसार उभ्या राहिलेल्या धरणाच्या पाण्यात नंदुरबार जिल्ह्यातील 33 गावे बाधित झाली. मणिबेलीची घरे 1993 च्या पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागली, धरणाची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढत 2006 मध्ये 121.92 मीटरवर पोचली, 2017 मध्ये दारे बसून पूर्ण झाली, आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला तो 2019 च्या सप्टेंबरात. ज्या कुटुंबांची शेते यात गेली, त्यांतील बरीच कुटुंबे आज त्याच पाण्यावर मासे धरतात. आदिवासींच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था या पाण्यावरच्या हक्काच्या मागणीतून उभ्या राहिल्या. जगातील बहुतेक मच्छीमारांना पाण्याचा तळ बुडत्या वजनाने चाचपून किंवा फाटलेल्या जाळ्यांची किंमत मोजून शिकावा लागतो. येथील पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तो चालून पाहिलेला आहे: नाला कोठे वळत होता, मोहाचे झाड बांधाच्या कोणत्या अंगाला होते, घराचे सागवानी खांब काढून नेले की तसेच राहिले, हे त्याला ठाऊक असते. मच्छीमारीच्या दृष्टीने ही माहिती मोलाची आहे, कारण जुन्या नाल्याची घळ म्हणजे पाणी उतरताना माशांची वाट, आणि न तोडलेली झाडे म्हणजे माशांचा आसरा आणि तंगूस जाळ्याचा काळ. ती त्यांनी कोणत्या किमतीला मिळवली, हे सांगायला नको.

बुडालेली झाडे आणखी एक उपद्रव करतात. पाण्याखाली कुजणाऱ्या लाकूडपाल्याला प्राणवायू लागतो, आणि उन्हाळ्यात पृष्ठभागाचे पाणी तापून हलके झाले की ते खालच्या थंड, जड पाण्यात मिसळेनासे होते. वरचा प्राणवायू खाली पोचत नाही आणि खालचा संपत जातो. अशा वेळी तळाशी लावलेले जाळे रिकामे येते, आणि त्यात जाळ्याचा दोष नसतो. मरळ तोंडाने हवा घेऊ शकत असल्यामुळे काठच्या उथळ गवतात तग धरते. महसीरला मात्र गोट्यांवरून खळाळणारे, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या 1873 सालच्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकाने ज्या माशाला इंग्रजी शिकारी वाङ्मयात मानाचे स्थान दिले, आणि जो आज मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, त्याला साठलेल्या पाण्यात योग्य खोली शोधून देण्याचे कोणतेही तंत्र नाही.

इंजिनाच्या होड्या या पाण्यावर आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. काठच्या गावांत जाणारा तरंगता दवाखानाही त्यांच्यावरच चालतो. त्यामुळे उद्या कोणी येथे ओढगळ टाकून पाहिली, तर आश्चर्य वाटू नये, विशेषतः शिवड्यासारखा झडप घालणारा मासा पाण्यात असताना. अशा माणसाला वळणाचा नियम आधी शिकावा लागेल. होडी वळते तेव्हा आतल्या बाजूचा दोर मंदावतो आणि त्याचा गळ खाली बसतो, बाहेरच्या बाजूचा दोर वेग घेतो आणि त्याचा गळ वर उचलला जातो. मासा कोणत्या बाजूला लागला यावरून खोली वाढवायची की घटवायची हे कळते, आणि म्हणून मुरलेला मच्छीमार मोकळ्या पाण्यातही मुद्दाम नागमोडी होडी नेतो. नर्मदेच्या या घळीत नागमोडी जाण्यासाठी मुद्दाम काही करावे लागणार नाही. पण आतला गळ खाली बसतो तो येथे बुडालेल्या सागाच्या खोडावरही बसू शकतो, आणि होडीतल्या ध्वनिमापकाच्या पडद्यावर ते खोड दिसेपर्यंत होडी त्याच्यावर आलेली असते.

ते आधी कळण्याची रीत जुनीच आहे. काठावरच्या दोन खुणा, एक जवळची आणि एक लांबची, एका रेषेत धरायच्या. दुसऱ्या बाजूला तशाच दोन खुणांची दुसरी रेषा धरायची. दोन रेषा जेथे छेदतात तेथे खालचे खोड, विहीर किंवा टेकाड असते. कोकणच्या समुद्रातही खडक असेच ध्यानात ठेवतात. फरक इतकाच, की येथे जवळची खूण पाणी चढले की बुडते, म्हणून दोन्ही खुणा 138.68 मीटरच्या वरच्या, म्हणजे सातपुड्याच्या शिखरांच्या आणि पैलतीरावरील मध्य प्रदेश-गुजरातच्या डोंगरांच्या, घ्याव्या लागतात.