तिचा सूर्य

केशर हातावर येते तेव्हा आधी तिची जीभ येते. दुभंगलेली, बारीक, लवलवती. हवेतला वास ती जिभेवर टिपते आणि टाळूतल्या इंद्रियापर्यंत पोचवते. मग मनगटाला एक वेढा पडतो, कोरडा, गुळगुळीत, किंचित गार. थोड्या वेळाने तो गारवा उरत नाही, कारण माझ्या अंगातली ऊब तिच्यात उतरलेली असते.

केशर ही आमच्या लेकीची कॉर्न स्नेक. नारिंगी अंग आणि त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके. जात मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली, बिनविषारी, शांत, वाढून चार-पाच फुटांची. इथे इंग्लंडात पहिल्यांदाच साप पाळणाऱ्याला बहुधा हीच सुचवतात. धान्याभोवतीच्या उंदरांवर जगणारी, आपल्या धामणीच्याच कुळातली. भारतात धामण काय किंवा नाग काय, घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. रानातून धरून आणलेल्या जिवाला पेटीत कोंडणं मला कधीच पटलं नसतं. केशर माणसांच्याच घरी अंड्यातून बाहेर आली, तिच्या आईसारखीच.

रेडिंगला डिसेंबरात चार वाजता अंधारून येतं. सापाला स्वतःची ऊब स्वतः करता येत नाही, त्यामुळे तिचा सूर्य आम्हालाच मांडावा लागतो. पेटीचं एक टोक थर्मोस्टॅट लावून 30 अंशांच्या आसपास तापवलेलं, दुसरं थंड. तापायचं की निवायचं, हे ती ठरवते. पुरेशी ऊब मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पचत नाही, ओकून पडतो. लपायला जागा मात्र दोन्ही टोकांना हवी. एकाच टोकाला असली तर भित्रा जीव ऊब सोडून आडोशालाच बसून राहतो. ऊब की आसरा, अशी निवड कुठल्याच जिवाला करावी लागू नये.

कात टाकायच्या आधी तिचे डोळे दुधाळ निळे होतात. सापाला पापण्या नसतात. बुबुळावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. म्हणून कात मिळाली की लेक आधी ती उजेडात धरते आणि डोक्याशी त्या दोन इवल्या काचा शोधते. दोन्ही दिसल्या की तिचा जीव भांड्यात पडतो.

केशर तुम्हाला ओळखते का, प्रेम करते का, असं पाहुणे हटकून विचारतात. माझ्या हाताचा वास तिच्या सवयीचा झाला असेल. पण ती येते उबेसाठी. मला ते पुरतं. मागणं इतकं साधं आणि इतकं खरं असलं की देणाऱ्यालाही बरं वाटतं. कॉर्न स्नेक नीट सांभाळली तर 15-20 वर्षं जगते. लेक शिकायला बाहेर पडेल, तेव्हा हा सूर्य माझ्याकडे येईल, आणि मला तो हवा आहे.

आईचं माहेर बत्तीस शिराळ्याजवळचं. न्यायालयाने बंदी घालण्याआधी नागपंचमीला तिथे जिवंत नाग पुजायचे. तिने ते पाहिलेलं. केशरबद्दल पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने फोनवर विचारलं होतं, "दूध देतेस का गं तिला?" साप दूध पीत नाहीत, पाणीच पितात, हे तिला पटायला वेळ लागला. आता सांगलीहून फोन आला की नातीच्या चौकशीपाठोपाठ विचारते, "थंडी वाढली ना तिकडे? तिची शेगडी चालू आहे ना?" मग मी पेटीजवळ जाऊन तिला आकडा वाचून दाखवते.