लाल टोक, निळे टोक

डहाणू-तलासरीकडे टिग वेल्डिंग म्हटले तर कोणाला चटकन कळणार नाही. 'आर्गन' म्हटले की सगळ्यांना कळते. पोरगा काय करतो? आर्गन मारतो. आमचा भाचा गेली तीन वर्षे तलासरीजवळ हायवेवरच्या एका शेडमध्ये आर्गन मारतो. दहावीपर्यंत उर्दू शाळेत होता, मग आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स केला. १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि कारखान्यांवर बंधने आली. चिकूच्या वाड्या वाचल्या हे चांगलेच झाले. पण वाडी नसलेल्यांची मुले कामासाठी बोईसर, उंबरगाव, सरीगाम, वापी अशीच पांगली. त्या मानाने तलासरी जवळ. संध्याकाळी पोरगा घरी येतो, आपाच्या डोळ्यांसमोर जेवतो.

आम्ही बी.एड. झालेले, विज्ञान शिकवणारे. टंगस्टन आम्हाला आवर्तसारणीतले ७४ वे मूलद्रव्य म्हणून माहीत. त्याचे चिन्ह डब्ल्यू का, असे दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच. वोल्फ्राम हे त्याचे दुसरे नाव, तिथून ते आले. सर्व धातूंत याचा वितळणांक सर्वांत जास्त, ३४२२ अंश सेल्सिअस. आर्गनच्या कामात याच गुणाचा उपयोग. टॉर्चमधली कांडी स्वतः वितळायची नाही, तिच्या टोकातून निघणाऱ्या आर्कने पत्रा वितळायचा. फिलरची तार दुसऱ्या हाताने द्यायची आणि आर्गन वायूने हवेला दूर ठेवायचे. फळ्यावर आम्ही हे पाच मिनिटांत सांगू. भाच्याचा हात बसायला सहा महिने गेले.

एका रविवारी त्याने खिशातून चार-पाच कांड्या काढून टेबलावर ठेवल्या. सगळ्या राखाडी, पण एका टोकाला लाल रंग. म्हणाला, "मामू, हा रंग कशाचा? शेडमध्ये विचारले तर म्हणतात, कंपनी लावते."

रंग ही खरे तर त्या कांडीची ओळख आहे. हिरवे टोक म्हणजे शुद्ध टंगस्टन. जुन्या मशिनांवर ॲल्युमिनियमसाठी ते वापरत. तिथे करंट एसी असतो आणि कांडीचे टोक वितळून गोल मण्यासारखे होते, ते तसेच हवे असते. पांढऱ्यात झिर्कोनियम असते, तीही ॲल्युमिनियमचीच. राखाडीत सेरियम, सोनेरीत दीड टक्का लँथॅनम, निळ्यात २ टक्के लँथॅनम. आणि लाल म्हणजे सुमारे २ टक्के थोरियम. थोरियममुळे इलेक्ट्रॉन सहज सुटतात, आर्क लवकर पेटतो, टोक टिकते. म्हणूनच स्टेनलेस स्टीलवाल्यांचा लालवर जीव.

पण थोरियम किरणोत्सर्गी आहे. आमच्या शेजारच्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, त्यामुळे हा शब्द इकडे कोणाला नवा नाही. भीती मात्र भलत्याच जागी असते. थोरियमचे अल्फा किरण कातडीतून आत जात नाहीत. कांडी खिशात होती म्हणून आपा घाबरली, तेवढे घाबरण्यासारखे ते नव्हते. धोका आहे तो टोक काढताना उडणाऱ्या धुळीत. ती श्वासाबरोबर फुप्फुसात गेली की तिथेच किरण सोडत बसते. थोरियमचे अर्धे आयुष्य सुमारे १४०० कोटी वर्षे. माणसाच्या हयातीत ते संपण्याची बातच नको. आणि भाचा दिवसातून दहा-बारा वेळा टोक काढतो. शेडच्या कोपऱ्यात, बंद जागी, तोंडाला काही न बांधता.

टोक काढणे ही कला आम्हाला ओळखीची वाटली. उर्दू लिहायला शिकताना आमच्या वडिलांनी बोरूला कत लावायला शिकवले होते. कत चुकला की हरफ बिघडतो. इथेही तसेच. कांडी चाकावर आडवी धरली तर टोकाभोवती गोल चरे पडतात आणि आर्क भटकतो. चरे टोकाच्या दिशेने धावतील अशी धरायची. निमुळता भाग जाडीच्या दोन-अडीच पट, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या कांडीला साधारण चार मिलिमीटर. अगदी सुई करायची नाही, शेंडा किंचित बोथट ठेवायचा, नाहीतर तो तुटून सांध्यात पडतो. चाक वेगळे हवे, लोखंड घासलेले नको. आणि रंगाचे टोक कधीही घासायचे नाही, नाहीतर उरलेली कांडी कोणती ते कळणार कसे? शेडमध्ये मुले सर्रास दोन्ही टोके घासत होती.

जाडीचेही तसेच. पातळ पत्र्याला १.६ ची कांडी ७० ते १५० अँपिअरपर्यंत पुरते, त्यापुढे २.४ ची. शेडमध्ये सगळ्याला २.४. काम संपल्यावर टॉर्च लगेच उचलायचा नाही, वायू थांबेपर्यंत तिथेच धरायचा. तापलेल्या टंगस्टनला हवा लागली की ते काळेनिळे पडते. डहाणूच्या किनाऱ्याजवळ काम असले तर आणखी एक पंचाईत. दुपारनंतर खारे वारे सुटतात, आर्गन उडून जातो, सांध्याला बारीक भोके पडतात. पुस्तकातले खारे वारे असे ताडपत्री बांधायला लावतात!

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही शेडवर गेलो. सेठनी चहा मागवला. "मास्तर, वीस वर्षे लालच वापरतोय. कोणाला काय झाले?"

आम्ही म्हटले, "सेठ, वीस वर्षांपूर्वीची मुले आज कुठे आहेत, तुम्हाला ठाऊक आहे?"

ते जरा वेळ गप्प बसले. इकडे कामगार टिकतात कुठे! कोणी वापीला जातो, कोणी आखातात.

आम्ही भांडायला गेलो नव्हतो. पोराची नोकरी तिथे होती. भाच्याने स्वतःच्या पगारातून १.६ च्या निळ्या कांड्यांचे एक पाकीट आणले आणि आठवडाभर त्यावर काम केले. आर्क पहिल्या झटक्यात पेटत होता, टोकही टिकत होते. सेठनी सांधे उलटसुलट पाहिले आणि एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी निळे मागवा. पण आहे तो माल संपवायचा."

माल संपेपर्यंतचे काय, यावर मात्र आम्ही अडून बसलो. शेवटी ग्राइंडर शेडच्या दाराशी हलवला, त्याखाली पाण्याचा ट्रे ठेवला, दोन चांगले मास्क आले. झाडू बंद, धूळ ओल्या फडक्याने पुसायची.

भाच्याबरोबर तलासरीचे दोन वारली मुलगे काम करतात, फोरमन गुजराती. भिंतीवर लावायचा तक्ता कोणत्या भाषेत लिहावा, यावर बरीच चर्चा झाली. भाच्याने उर्दूत लिहिलेला कागद आम्ही मराठीत उतरवला. मग वारली मुलांपैकी धाकट्याने त्यावर रंगीत कागदाचे तुकडे चिकटवले आणि लालसमोर मास्कचे चित्र काढले. सेठनी तो तक्ता स्वतः प्लॅस्टिकमध्ये घालून दिला. लाल कांड्यांची दोन पाकिटे अजून कपाटात आहेत.